पाटावरचा सिद्धांत

वर्तुळाच्या केंद्रापाशी होणारा कोन परिघावर होणाऱ्या कोनाच्या दुप्पट असतो. हे वाक्य मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन, आणि म्हणताना अजूनही माझं डोकं तापतं. त्यात भूमितीचा काही दोष नाही. दोष आहे तो ज्यांनी मला ती शिकवली त्यांचा. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं घरात सगळे मला सांगतात, पण मी बोलणार आहे. चांगलंही बोलणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय वाईट किती वाईट होतं ते कळायचं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. आम्ही जळगावात राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. शेती तिकडे, पण कापसाच्या दलालीसाठी ते जळगावात येऊन राहिले होते. घरात आम्ही अहिराणी बोलायचो आणि उंबरा ओलांडला की पुस्तकी मराठी. मी एकुलती एक, म्हणून आबांनी हौसेनं मला इंग्रजी शाळेत घातलं. आईला ती हौस कधीच पटली नाही. मी जमिनीवर पाटी ठेवून वर्तुळं काढायला लागले की ती चुलीपुढून म्हणायची, “गोल काढाले शाळामा कशाले जानं पडस? भाकर बी गोलच व्हस.”

वर्गात आम्ही मोजक्याच मुली, दाराजवळच्या बाकावर. मुलींना भूमितीऐवजी गृहशास्त्र घ्यायची मोकळीक होती. बाकीच्यांनी ते घेतलं, आणि भूमितीच्या तासाला मी त्या बाकावर एकटी उरले. मुलं मागून खाकरायची, खडूचे तुकडे मारायची. तरी मी टिकून राहिले, ती सरांमुळे.

सर उंच, काटकुळे. काळी टोपी आणि कोपरापर्यंत खडूनं पांढरा झालेला कोट. फळ्यावर वर्तुळ काढायला ते सुतळी वापरत. एक टोक डाव्या अंगठ्यानं फळ्यावर दाबायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधायचा आणि एका दमात हात फिरवायचा. पुस्तक इंग्रजीतलं, पण समजावून सांगत मराठीत. त्यांची एक सवय अशी होती की उत्तर बरोबर आहे की चूक हे ते कधी सांगत नसत. एखादा मुलगा म्हणाला, “सर, बरोबर आहे का?” की ते म्हणायचे, “मला काय विचारतोस? मी कोण? आकृतीला विचार.” मुलं वैतागायची. मला मात्र ते ऐकून आत कुठेतरी बळ यायचं. घरात, गल्लीत, नात्यागोत्यात जे काही खरं होतं ते कोणीतरी मोठ्यानं सांगितलं म्हणून खरं होतं. इथे पहिल्यांदा एक मोठा माणूस म्हणत होता, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः सिद्ध कर.

तो केंद्राच्या कोनाचा सिद्धांत त्यांनी आम्हाला नुसता सांगितला नाही. प्रत्येकाला आपापलं वर्तुळ काढायला लावलं, कोणी मोठं, कोणी लहान. मग एकाच कंसावर उभे राहणारे दोन कोन, एक केंद्रापाशी आणि एक परिघावर. कोनमापकानं मोजा म्हणाले. ज्यानं त्यानं मोजलं आणि प्रत्येकाचं दुप्पट आलं. मी आनंदानं ओरडलेच, तर म्हणाले, “एवढ्यांचं आलं म्हणून पुढच्याचं येईल कशावरून?” आणि मग सिद्धता. परिघावरच्या बिंदूतून केंद्रातून जाणारी एक रेघ काढायची. त्रिज्या सारख्या, म्हणून त्रिकोणाचे पायाचे कोन सारखे, आणि बाहेरचा कोन त्या दोघांच्या बेरजेइतका. झालं! त्या एका रेघेनं जगातली सगळी वर्तुळं एकदम ताब्यात आली. मी त्या दिवशी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

सर मग सकाळी आमच्या घरी येऊ लागले. आबांना म्हणाले, मुलीचं डोकं असं आहे की मॅट्रिकला भूमितीत हिच्या जवळपास कोणी येणार नाही. पुढे पुण्याला कॉलेजात घालायला हवी. आबा म्हणाले, “आधी मॅट्रिक तं होऊ द्या. नंबर चांगला लागला तर बघू.” एवढं मला पुरेसं होतं. मार्चमधली परीक्षा, तिच्यात भूमितीचा पेपर, आणि त्या पेपरापलीकडे पुणे. दुसरं काही मला दिसत नव्हतं. पुढच्या खोलीत बसून सर मला पुस्तकाबाहेरची अवघड उदाहरणं घालत आणि मी ती सोडवत असे.

आता मागे वळून पाहिलं की मला स्वतःचीच चीड येते. दिसत होतं सगळं, पण मी पाहत नव्हते. सर आले की पाणी माझ्याच हातून मागत. पोहे कोणी केले ते आईला विचारत, आणि मी केले म्हटलं की आणखी घेत. माझं अक्षर वळणदार आहे असं कौतुक करत. भूमितीला वळणदार अक्षर कशाला लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. एकदा त्यांच्या पत्नी आल्या, माझ्या पावलांकडे बघत बसल्या. मला वाटलं, पायाला चिखल लागलाय. दिवाळीनंतर त्यांची धुळ्याची बहीण आली. तिनं माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, तर मी तिला कंपासच्या टोकानं बोटाला पडलेला घट्टा दाखवला आणि तो कसा पडला तेही सविस्तर सांगितलं. ती बाई हसून म्हणाली, हात कामाचा दिसतो. मी खूश झाले.

मग एक दिवस आबांनी सांगितलं, रविवारी धुळ्याला जायचं. सरांच्या ओळखीचे पुण्याच्या कॉलेजातले एक गणिताचे प्राध्यापक धुळ्याला आले आहेत. ते माझी तोंडी परीक्षा घेतील, त्यांना पटलं तर पुण्याची सोय ते करतील. सरांनीच ठरवलंय सगळं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. जळगावहून चाळीसगाव आणि चाळीसगावला गाडी बदलून धुळे, सगळ्या वाटेत मी पुस्तक मांडीवर उघडं धरून होते. आईनं मला जरीकाठी लुगडं नेसवलं होतं, नाकात तिची नथ घातली होती. परीक्षेला नथ कशाला, असं मी विचारलं तेव्हा तिनं ती बोटानं सरळ केली. मी कंपासपेटी मात्र विसरले नाही.

धुळ्याच्या त्या घरात शिरले तेव्हा ओसरीवर पुरुषमंडळी बसली होती. त्यांत जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ दिसले. हेच ते प्राध्यापक, असं मी मनाशी धरलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, “पापड लाटता येतस का तुले?”

मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान फिरवली. आत नेऊन बायकांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पदर नीट केला आणि परत बाहेर आणून पाटावर बसवलं. पाट मांडलेला दिसताच मला उमगलं, कारण पाटावर बसवून काय करतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असे. आमच्या नात्यातल्या काही घरांत मुलगीच मुलाच्या गावी नेऊन दाखवायची पद्धत होती, तेही मला माहीत होतं. कोपऱ्यात एक तरुण स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. त्याच्या शेजारी सरांची ती धुळ्याची बहीण. आणि सर त्या बाजूला बसले होते, मुलाकडच्यांच्या बाजूला. तो मुलगा त्यांचा भाचा होता.

प्राध्यापक वगैरे कोणी नव्हतंच. आईला माहीत होतं, आबांना माहीत होतं. गाडीत मी पुस्तक उघडून बसले होते तेव्हा समोरच्या बाकावरच्या त्या दोघांना माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या पाटावर कळलं.

नाव विचारलं, सांगितलं. स्वयंपाक येतो का, येतो. सुईत दोरा ओवायला लावला. “जरा चालीसन दखाड, बेटा,” सरांची बहीण म्हणाली. मी भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. हे सगळं मी मान खाली घालून सोसलं असतं. रडले असते घरी जाऊन. पण मग सर गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “आता आमचा प्रश्न. नेहमीचे प्रश्न झाले, हिला जरा वेगळा विचारू.” घरातल्या पोराची पाटी त्यांनी मागवून घेतली आणि माझ्यापुढे धरली. “केंद्राचा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट. सिद्ध कर बघू.”

बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मला जे सगळ्यात आवडत होतं ते त्यांनी सुई-दोऱ्याच्या पुढे आणून ठेवलं होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. हे माझं होतं, फक्त माझं, आणि त्यांनी ते पापड आणि चालण्याच्या रांगेत बसवलं. रागाबरोबरच एक वाट दिसली. नापास व्हायचं. सगळ्यांसमोर, ठळक, शंकाच उरणार नाही असं.

मी पाटीवर वर्तुळ काढलं, कोन काढले, रेघ काढली. आकृती अगदी बरोबर काढली, कारण चुकीची काढायला हात वळेना. आणि मग मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. बाहेरचा कोन आतल्या कोनाच्या निम्मा असतो. म्हणून केंद्राचा कोन परिघावरच्या कोनाच्या निम्मा. निम्मा, असं मी दोनदा म्हणाले. समोर आकृतीत केंद्राचा कोन ढळढळीत मोठा दिसत होता. भूमितीचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला कळेल एवढा मोठा. खाली मी रेघ ओढून क्यू. ई. डी. लिहिलं, म्हणजे जे सिद्ध करायचं होतं ते झालं, आणि पाटी सरांच्या हातात दिली.

सरांनी पाटी बघितली. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. चूक तर कळलीच, चूक का केली तेही कळलं.

जाड चष्मेवाले म्हातारे पुढे वाकून म्हणाले, “बरोबर शे का, मास्तर?”

“बरोबर,” सर म्हणाले. “अगदी बरोबर आहे.” आणि कोटाच्या बाहीनं त्यांनी पाटी पुसून टाकली.

“बठ्ठं येस पोरले!” म्हणजे पोरीला सगळं येतं, असं दारातली एक बाई म्हणाली, आणि साखर वाटायला लागली.

इतक्या वर्षांत ज्या माणसानं कोणाला ‘बरोबर’ म्हटलं नव्हतं, त्यानं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तो एका धडधडीत खोट्यावर. लग्न ठरल्याचं दुःख मला तेव्हा नीट झालंच नाही. ते नंतर झालं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आकृतीला विचार म्हणणारा माणूस मुळी नव्हताच, मला तो भासला होता.

घरी आल्यावर मी आबांना सांगितलं की मी मुद्दाम चुकीचं सांगितलं आणि सर खोटं बोलले. आबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “मास्तर खोटं कशाले बोलतीन? गनितमा तुले जास्त समजस का त्यास्ले?” मी पाटी आणली, वर्तुळ काढलं, सगळी सिद्धता सांगितली. आबा मध्येच उठून गेले. सिद्ध करून काही होतं ते समोरच्याला समजत असेल तर, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आबांनी उलट मलाच कौतुकानं सांगितलं की सरांच्या घराण्यात गणित टिकत नाही. भाचा मॅट्रिकला भूमितीतच अडकला, दोनदा बसून कचेरीत चिकटला. म्हणून त्यांनी वर्षभर पारखून मुलगी शोधली. पुढची पोरं तरी हुशार निघतील. वर्षभर पारखून! मी शिकत होते तेव्हा ते पारखत होते.

आई मात्र पाटीकडे थोडा वेळ बघत राहिली. “मजारला कोन मोठा शे, हाई मालेबी दिसस,” ती केंद्राच्या कोनावर बोट ठेवून म्हणाली. मला वाटलं, निदान हिला पटलं. मग ती पाटी बाजूला ठेवून म्हणाली, “मंग? त्या काय कोन दखाले बशेल व्हतात? पोर दखाले बशेल व्हतात.”

सोमवारी तास संपल्यावर मी सरांना गाठलं. विचारलं, “माझं बरोबर होतं, तर तुम्ही पाटी पुसलीत कशाला?” ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “अगं, नापास व्हायला निघाली होतीस. तुझं तुला कळत नाही अजून. चांगलं घर आहे, मी आहे तिथे.” मी म्हटलं, मग लग्न परीक्षेनंतर तरी करा. मार्चपर्यंत थांबा, मला पेपर देऊ द्या, एवढंच मागते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बघतो, मी बोलतो आबांशी. मी पुन्हा विश्वास ठेवला. इतकं होऊनही ठेवला, कारण विश्वास ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. ते आबांशी बोलले आणि परीक्षेच्या आधीचा, माघातला मुहूर्त धरून गेले.

नवरा वाईट निघाला नाही, हे सांगायला हवं. धुळ्याला गेल्यावर काही दिवसांनी मी त्याला पाटीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मला मामा इतकी वर्षं शिकवत होते. माझं बरोबर आलं तरी कधी बरोबर म्हणाले नाहीत.” आम्ही दोघं हसलो. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. तरी रागाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. सर दर सुट्टीला यायचे आणि मी वाकून नमस्कार करायचे, कारण आता ते मामेसासरे होते.

मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा झाली. संपली त्याच आठवड्यात सर धुळ्याला आले. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. भूमितीचा पेपर होता. “मुद्दाम तुझ्यासाठी आणला,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, की जणू लेकीला माहेरची बोरं आणून दिली असावीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी छान देताहेत.

मी उभ्या उभ्या पेपर वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“येतंय का सगळं?” त्यांनी विचारलं.

“येतंय.”

“मग झालं तर!” सर बशीत चहा ओतत म्हणाले. “परीक्षेला बसून आणखी वेगळं काय मिळालं असतं?”

“नंबर,” मी म्हटलं. “वर्तमानपत्रात छापून येतो तो.”

सर मोठ्यानं हसले, सासूबाईंना हाक मारून त्यांनी माझं बोलणं पुन्हा सांगितलं, आणि त्याही हसल्या. पुढे काही महिने ते पाहुण्यांना सांगत होते, आमच्या सूनबाईंना पेपरात नंबर हवा होता.

जूनमध्ये निकाल लागला. नवऱ्यानं कचेरीतून येताना वर्तमानपत्र आणलं, माझ्याजवळ ठेवलं आणि बाहेर निघून गेला. बारीक टायपात, ओळीखाली ओळ, पास झालेल्यांचे नुसते आकडे. दार लावून मी ते सगळे वाचून काढले, एकही ओळ न सोडता. मी परीक्षेला बसले नव्हते, मला नंबर नव्हता, कोणता आकडा शोधायचा तेही मला माहीत नव्हतं.